आपल्या भागातल्या प्रश्नावर निवेदन द्यायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या वस्तीतल्या शाळेसमोर गतिरोधक हवा होता. त्यासाठी दिलेलं पहिलं निवेदन साडेचार महिने चुकीच्या कार्यालयात पडून राहिलं. सह्या १८० होत्या, मजकूर चांगला दोन पानी होता आणि फोटोही जोडले होते. फक्त तो रस्ता त्या कार्यालयाचा नव्हता, आणि हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. त्यानंतर मी ही कामं शिकत गेले. आता आजूबाजूच्या गावांतून लोक विचारायला येतात आणि बहुतेकांचे प्रश्न तेच असतात. म्हणून ते एका जागी लिहून ठेवते आहे. नियम महाराष्ट्रातले आहेत.

निवेदन, तक्रार आणि माहितीचा अर्ज यांत फरक काय?

निवेदन म्हणजे मागणी: अमुक काम करा, अमुक थांबवा. तक्रार म्हणजे झालेल्या किंवा न झालेल्या कामाबद्दलचं गाऱ्हाणं. माहिती अधिकाराचा अर्ज फक्त कार्यालयाच्या दप्तरात असलेली माहिती मागतो, त्यात मागणी करता येत नाही. लोक इथेच गडबड करतात. माहितीच्या अर्जात "गटार का बांधलं नाही?" असं विचारतात आणि "प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही" असं उत्तर घेऊन परत येतात. गटार हवं असेल तर निवेदन द्या. त्या निवेदनाचं पुढे काय झालं हे हवं असेल तर माहिती मागा.

निवेदन कोणाकडे द्यायचं?

सगळ्यात जास्त वेळ या प्रश्नावर घालवा, सह्या नंतर गोळा करा.

रस्त्याचंच उदाहरण घेऊ. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग साधारणपणे जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे असतात. प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. राष्ट्रीय महामार्गाची यंत्रणा आणखी वेगळी. गावातून जाणारा रस्ता म्हणजे ग्रामपंचायतीचा रस्ता, असं आपण धरून चालतो. पण गावठाणातला मुख्य रस्ता पुष्कळदा राज्यमार्गच निघतो.

कसं ओळखायचं? रस्त्याच्या कडेचा किलोमीटरचा दगड बघा. वरचा भाग पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्यमार्ग. आमच्या शाळेपासून शंभर पावलांवर, घाणेरीच्या झुडपात असा एक दगड अर्धा गाडलेला होता. पोरांनी काठीनं फांद्या बाजूला केल्या तर माथा हिरवा. रोज त्या दगडाशेजारून जाणाऱ्या आम्ही सगळ्यांनी निवेदन मात्र नगरपरिषदेत दिलं होतं.

शिवाय गतिरोधक एकट्या बांधकाम विभागाच्या मर्जीनं होत नाही, वाहतूक पोलिसांचा अभिप्राय घेतला जातो. म्हणून एक प्रत त्यांनाही द्यावी लागते. राष्ट्रीय महामार्गावर सहसा गतिरोधक देत नाहीत. तिथे पादचारी पूल, भुयारी मार्ग किंवा सिग्नल मागणं जास्त शहाणपणाचं.

पाणी, कचरा, गटार, दिवाबत्ती यांसाठी गावात ग्रामपंचायत आणि शहरात नगरपरिषद किंवा महापालिकेचं प्रभाग कार्यालय. विजेचे खांब आणि ताराही पंचायतीच्या वाटतात, पण असतात वीज वितरण कंपनीच्या. शंका असेल तर कनिष्ठ अभियंत्याला तोंडी विचारा, ही माणसं सहसा खरं सांगतात.

चुकीच्या कार्यालयात दिलं तर ते पुढे पाठवत नाहीत का?

पाठवायला हवं, आणि चांगली कार्यालयं पाठवतातही. माहितीच्या अर्जाबाबत तर कायदाच सांगतो की तो ५ दिवसांत योग्य कार्यालयाकडे वर्ग करावा. साध्या निवेदनाच्या बाबतीत मात्र तुमचं नशीब. आमचं कुठल्याशा फडताळात राहिलं.

मजकूर कसा लिहावा?

एक निवेदन, एक मागणी. रस्ता, पाणी, दिवे आणि स्मशानभूमीची भिंत एकाच कागदावर घातली की तो कागद चार टेबलांचा होतो, म्हणजे कोणाचाच राहत नाही. मराठीतच लिहा. १९६४ च्या राजभाषा अधिनियमापासून राज्याचा कारभार मराठीत आहे आणि त्यासाठी कोणाची क्षमा मागायची गरज नाही.

आमचं दुसरं निवेदन, जे चाललं, ते साधारण असं होतं:

"प्रति, मा. उपअभियंता, सार्वजनिक बांधकाम उपविभाग. विषय: शाळेच्या प्रवेशद्वारासमोर राज्यमार्गावर गतिरोधक व सूचनाफलक बसवण्याबाबत. महोदय, सदर शाळेत २१२ विद्यार्थी असून त्यांपैकी बहुसंख्य मुले रस्ता ओलांडून येतात. शाळा भरण्याची वेळ सकाळी १०.३० व सुटण्याची सायंकाळी ५ आहे. गेल्या वर्षभरात येथे तीन अपघात झाले असून एका विद्यार्थिनीच्या पायाचे हाड मोडले आहे. तरी प्रवेशद्वाराच्या दोन्ही बाजूंस गतिरोधक व 'पुढे शाळा आहे' असे फलक बसवावेत ही विनंती. स्थळपाहणीच्या वेळी आम्हास कळवल्यास आम्ही उपस्थित राहू."

बस, एवढंच. पहिल्या निवेदनात आम्ही मुलं देशाचं भविष्य असल्याबद्दल एक अख्खा परिच्छेद लिहिला होता. दुसऱ्यात मुलांची संख्या लिहिली. अभियंत्याला वर प्रस्ताव पाठवायचा असतो, त्यात त्याला जे उतरवून घेता येईल ते द्या: जागा, आकडा, वेळ, घटना, मागणी. शेवटचं स्थळपाहणीचं वाक्य विसरू नका. पाहणीला अधिकारी येतो तेव्हा सोबत गावचं कोणी नसेल तर तो दुपारी दोन वाजता येऊन मोकळा रस्ता पाहून जातो.

किती सह्या लागतात?

साध्या निवेदनाला अशी अट नाही. एका माणसाच्या सहीचं निवेदनही निवेदनच. पण पाच सह्या आणि दोनशे सह्या यांत फरक पडतो, हे टेबलापलीकडच्या माणसाच्या नजरेत दिसतं.

सह्यांमागे माणसं उभी आहेत हे दाखवायची आपल्याकडची रीत जुनी आहे. पुण्यात १८७० साली सार्वजनिक सभा ही संस्था सुरू झाली तेव्हा तिच्या प्रत्येक सभासदाला किमान ५० जणांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणावं लागे. सरकारपुढे बोलणारा माणूस कोणाच्या वतीनं बोलतो, याचा पुरावा त्याच्या हातात असावा, हा त्यामागचा विचार. आजही सह्या याच कामाच्या.

सह्यांचे कागद करताना एक गोष्ट कटाक्षानं पाळा: प्रत्येक पानाच्या डोक्यावर विषय आणि मागणी लिहिलेली हवी. कोऱ्या कागदावर घेतलेल्या सह्या उद्या भलत्याच निवेदनाला जोडल्या जाऊ शकतात, आणि असं झालेलं मी पाहिलं आहे. अनुक्रमांक, पूर्ण नाव, वस्ती किंवा गल्ली आणि सही किंवा अंगठा, एवढे रकाने पुरतात. आधार क्रमांक आणि मोबाइल नंबर सगळ्यांचे घेऊ नका. तो कागद कितीजणांच्या हातांतून फिरणार हे तुम्हाला माहीत नसतं. संपर्कासाठी दोन-तीन जणांचे नंबर द्या.

नवऱ्यानं बायकोची सही करायची नाही. मुलानं आईचा अंगठा उठवायचा नाही. पडताळणी झाली आणि एक सही खोटी निघाली की बाकीच्या १९९ वर शंका येते.

सह्यांच्या संख्येवर काही कायदेशीर परिणाम होतो, असं कधी घडतं का?

हो, आणि त्याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे गावातलं दारूचं दुकान. राज्याच्या २००८ च्या आदेशानुसार गावातल्या एकूण मतदारांपैकी किंवा महिला मतदारांपैकी किमान २५ टक्के जणांनी लेखी मागणी केली, तर सह्यांची पडताळणी होऊन गुप्त मतदान घेतलं जातं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी बाटली म्हणजे बंद करा. वाचता न येणाऱ्या बाईलाही कोणाला न विचारता शिक्का मारता येतो.

पण यातलं गणित नीट समजून घ्या, कारण बायका इथेच हरतात. निम्म्याहून जास्त मतं लागतात ती मतदानाला आलेल्यांच्या नव्हे, तर यादीतल्या एकूण मतदारांच्या. समजा, यादीत १,२०० महिला आहेत. अर्जाला ३०० सह्या हव्यात. मतदानात आडव्या बाटलीला किमान ६०१ मतं हवीत. त्या दिवशी ५९० जणी आल्या आणि सगळ्याच्या सगळ्या ५९० जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तरी दुकान चालूच राहतं. घरी बसलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्या पारड्यात जाते. यादीत सासरी गेलेल्या लेकी असतात, ऊसतोडीला गेलेल्या असतात, वारलेल्याही असतात, आणि त्या सगळ्या एकूण संख्येत धरल्या जातात.

म्हणून सह्या गोळा करण्याआधी मतदार यादी हातात घ्या. गल्लीवार याद्या करा. वारलेल्या आणि कायमच्या बाहेरगावी गेलेल्यांची नावं रीतसर अर्ज देऊन यादीतून कमी करवून घ्या, त्याला वेळ लागतो. पडताळणीच्या दिवशी ओळखपत्र घेऊन कोण कोणाला आणणार हे ठरवा. मजुरी बुडते म्हणून बाई येत नाही. तिची मजुरी बुडणार नाही असा दिवस आणि अशी वेळ अधिकाऱ्यांकडे आधीच मागा, नाहीतर मग त्या दिवशी कोणीच कामाला न जाण्याचा निर्णय सगळ्याजणींनी मिळून घ्या.

एकदा मिळवलेलं कायम राहतं का?

नेहमीच नाही. गडचिरोलीत लोकांच्या मोठ्या चळवळीनंतर १९९३ साली जिल्हाभर दारूबंदी झाली. शेजारच्या चंद्रपूरच्या बायका २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर पायी चालत गेल्या, शेकडो ग्रामपंचायतींनी ठराव केले आणि २०१५ मध्ये तिथेही बंदी आली. २०२१ मध्ये ती उठवली गेली. बंदी बरी की वाईट यावर प्रामाणिक मतभेद आहेत. मला टोचतं ते वेगळंच: एवढ्या ठरावांमागच्या बायकांना बंदी उठवण्याआधी गावोगाव जाऊन पुन्हा विचारायला हवं होतं. ठरावांच्या नकला जपून ठेवा, त्या पुन्हा लागतात.

पोच घ्यायची म्हणजे नेमकं काय करायचं?

निवेदनाच्या दोन प्रती न्या. एक आवक-जावक टेबलावर द्या. दुसरीवर शिक्का, तारीख, सही आणि आवक क्रमांक घ्या. हा चार-पाच आकडी क्रमांक म्हणजे तुमच्या निवेदनाचा जन्मदाखला. तो नसेल तर सरकारी दप्तरात तुमचं निवेदन जन्मालाच आलेलं नाही, मग साहेबांनी स्वतःच्या हातांनी घेऊन फोटो का काढलेला असेना.

हे मी कळकळीनं सांगते, कारण निवेदन देतानाचे फोटो गावागावांत असतात आणि आवक क्रमांक कोणाकडेच नसतो. साहेबांना जरूर भेटा, बोला, फोटो काढा, आणि मग जिना उतरण्याआधी आवक टेबलाकडे जा. "शिक्का दुसऱ्या क्लार्ककडे आहे, उद्या या" असं म्हणाले तर बसून राहा. अगदीच नाही दिला तर तेच निवेदन स्पीड पोस्टानं पोचपावतीसह पाठवा.

ग्रामसभेत विषय मांडायचा असेल तर?

ग्रामसभा वर्षातून किमान चार व्हायलाच हव्यात. बहुतेक गावांत २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास होतात. गणपूर्तीला गावातले १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती लागते. लोक जमले नाहीत की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. नको असलेले ठराव अशाच रिकाम्या सभांत होऊन जातात. म्हणून पहिल्याच सभेला शंभर माणसं न्या.

विषय लेखी देऊन आधीच अजेंड्यावर घ्यायला लावा. "आयत्या वेळचे विषय" येतात तोवर मंडप निम्मा रिकामा झालेला असतो. ठराव झाला की इतिवृत्तात तो जसाच्या तसा उतरला का, सूचक-अनुमोदकांची नावं आली का, हे बघा आणि नक्कल मागा. बायकांनी ग्रामसभेआधी होणारी महिला सभा सोडू नये. तिथे ठरलेलं ग्रामसभेपुढे ठेवावं लागतं.

लोकशाही दिनाला सामूहिक निवेदन चालतं का?

लोकशाही दिन म्हणजे अधिकारी लोकांची गाऱ्हाणी समोरासमोर ऐकतात तो ठरलेला दिवस. तिथे सामूहिक निवेदन सहसा चालत नाही, आणि यात बरेचजण फसतात. लोकशाही दिनाला येणारा अर्ज वैयक्तिक स्वरूपाचा असावा लागतो. तालुक्याला महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी आणि जिल्ह्याला पहिल्या सोमवारी तो असतो. अर्ज ठरलेल्या नमुन्यात १५ दिवस आधी द्यायचा. न्यायालयात असलेले विषय घेत नाहीत. यावर एक सरळ मार्ग आहे: ज्याच्या घरात गटाराचं पाणी शिरतं त्यानं स्वतःच्या नावानं अर्ज करावा. तीन घरांचे तीन अर्ज.

ऑनलाइन केलं तर पुरतं का?

"आपले सरकार" पोर्टलवरची तक्रार चालते. तिला क्रमांक मिळतो आणि उत्तरासाठी २१ दिवसांची मुदत धरलेली आहे. केंद्राच्या खात्यांसाठी, म्हणजे रेल्वे, पोस्ट वगैरेंसाठी, केंद्राचं वेगळं पोर्टल आहे. सह्या गोळा करणाऱ्या खासगी वेबसाइटवरची याचिका मात्र कार्यालयात आपोआप पोचत नाही. बाहेरगावी, परदेशी असलेल्या आपल्या माणसांना तिथे पाठिंबा देता येतो हे चांगलंच आहे. पण कोणीतरी ते सगळं छापून आवक टेबलावर न्यावं लागतं.

महिने उलटले, उत्तर नाही. आता?

२००५ च्या विलंब प्रतिबंधक कायद्यानुसार (लोक त्याला दप्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात) कोणतीही फाइल एका टेबलावर ७ कामाच्या दिवसांहून जास्त पडून राहता कामा नये. स्मरणपत्रात या कायद्याचा उल्लेख करा, जुना आवक क्रमांक आणि तारीख घाला.

तरीही काही हललं नाही तर माहिती अधिकार. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, विषय एकच ठेवा आणि अर्ज १५० शब्दांत बसवा, राज्याच्या नियमात तशी मर्यादा आहे. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला फी नाही, दाखल्याची प्रत जोडावी. मागायचं ते असं: "आवक क्रमांक अमुक, दिनांक अमुक या निवेदनावर आजवर झालेल्या कार्यवाहीच्या टिप्पणीची व पत्रव्यवहाराची प्रत, आणि ते सध्या ज्यांच्याकडे प्रलंबित आहे त्यांचे पदनाम." उत्तराला ३० दिवस. न आल्यास पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे पहिलं अपील करा. माझा अनुभव असा की अपिलाची वेळ कमी वेळा येते. टिप्पणीची प्रत मागितली की आधी टिप्पणी लिहावी लागते, आणि ती लिहायला कोणीतरी फाइल उघडतो.

जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि पालिकांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात, तसा २०१८ चा शासन निर्णय आहे. अर्जाआधी एकदा जाऊन फाइल पाहून या.

आमदारांकडे जावं का?

जावं, पण आवक क्रमांक असलेली प्रत घेऊन. आमदार निधीतून होणारं काम असेल तर थेट तेच मागा. मोठ्या विषयासाठी विधिमंडळात विनंती अर्ज समिती असते. आमदारांमार्फत सभागृहात विनंती अर्ज सादर होऊ शकतो. हा मार्ग फार कमी लोक वापरतात, पण एका तालुक्याहून मोठ्या प्रश्नाला तो योग्य आहे.

वेळही पाहा. पालिका आणि जिल्हा परिषदांच्या अंदाजपत्रकाची जुळवाजुळव हिवाळ्यात होते. खर्चाचं काम असेल तर निवेदन दिवाळीच्या आत पोचू द्या. मार्चमध्ये "तरतूद नाही" हे उत्तर खरंच असतं. पुणे महापालिकेत तर २००६ पासून पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून आपल्या भागातली कामं मागवली जातात.

एका पत्रानं खरंच काही होतं का?

२०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी रस्त्यांवरच्या खड्ड्यांबद्दल मुख्य न्यायमूर्तींना पत्र लिहिलं. न्यायालयानं त्याचीच जनहित याचिका करून घेतली. २०१५ मध्ये न्यायालयानं म्हटलं की सुस्थितीतला रस्ता हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदानं दिलेल्या जगण्याच्या हक्कात येतो. पत्र न्यायमूर्तींचं होतं हे खरं. पण त्यातून आलेला हक्क सगळ्यांचा आहे, आणि तुमच्या निवेदनात त्याचं एक वाक्य घालायला काहीच हरकत नाही.

पहिली सही केली म्हणून कोणी त्रास दिला तर?

ही भीती खोटी नाही. गावात रेशन, घरकुल, रोजगार सगळं त्याच माणसांच्या हातून येतं. शेतमजूर बाईला, भाडेकरूला किंवा सरकारी नोकराच्या घरच्यांना पहिली सही करायला लावू नका. पहिल्या पाच सह्या ज्यांचं पोट इथे कोणावर अवलंबून नाही त्यांच्या घ्या: निवृत्त शिक्षक, स्वतःची शेती असलेले, दुकानदार. कार्यालयात कधीही एकट्यानं जाऊ नका. धमकी आली तर त्याच दिवशी तारीख-वेळ लिहून पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या, आणि त्याचीही पोच घ्या.

उपोषणाचा इशारा कधी द्यायचा?

उशिरा. निवेदन, स्मरणपत्र, माहितीचा अर्ज हे झाल्यावर. दिलात तर तारीख पाळावी लागते, प्रत पोलीस ठाण्यात द्यावी लागते आणि जमावबंदी आहे का हे पाहावं लागतं. ज्याला साखर किंवा रक्तदाब आहे त्याला बसवू नका.

काम मंजूर झालं. मग संपलं?

कार्यारंभ आदेशाची प्रत मागा. काम चालू असताना कोणीतरी रोज तिथे जाऊन बघा आणि फोटो काढून ठेवा. आमच्या शाळेसमोर गतिरोधक झाला तो दुसऱ्या निवेदनानंतर अकराव्या आठवड्यात. पाहणीला आलेल्या कनिष्ठ अभियंत्यांना आम्ही आभाराचं पत्र दिलं, तेही आवक टेबलावरूनच. सगळे कागद एका फाइलमध्ये घालून ती शाळेच्या कपाटात ठेवली, कारण माणसं बदलतात.

यंदाच्या पावसाळ्यात गतिरोधकावरचे पांढरे पट्टे पुसले गेले. रात्री तो दिसत नाही आणि परवा एक मोटारसायकलवाला त्यावरून उडाला. रंगासाठीचं निवेदन सोमवारी देतो आहोत, सह्या ६४ झाल्या आहेत.